नळ गळतोय, पैसे कुणी द्यायचे? भाड्याच्या घरातल्या दुरुस्त्यांची वाटणी

पुण्यात मी बारा वर्षं भाड्याने राहिलो, चार घरं बदलली. आता माझाच एक वन बीएचके भाड्याने दिलेला आहे. त्यामुळे 'मालक फोनच उचलत नाहीत' हेही माझं म्हणून झालंय आणि 'हा मुलगा बल्ब बदलायलासुद्धा मलाच बोलावतो' हेही. नोकरीसाठी पहिल्यांदा पुण्या-मुंबईत येऊन घर शोधणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: काय बिघडलं यावरून वाटणी करू नका, कशाने बिघडलं ते विचारा. वस्तू वयाने गेली तर मालकाची, तुमच्या हातून गेली तर तुमची. ऐकायला सोपं आहे. पण रात्री अकराला नळ हातात येतो तेव्हा तो आपणहून आला की तुम्ही पिळून काढला, हे दाखवायला जवळ काहीतरी लागतं. ते जवळ कसं ठेवायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: हातातला कागद ओळखा

शहरात आज मिळणारी बहुतेक घरं 'लिव्ह अँड लायसन्स'वर मिळतात. बोलताना आपण भाडेकरार म्हणतो आणि स्वतःला भाडेकरू म्हणवून घेतो. कायद्याच्या भाषेत मात्र तुम्ही भाडेकरू नसता, ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी मिळालेले लायसन्सी असता. एरवी हा फरक जाणवत नाही, दुरुस्तीच्या वेळी मात्र टोचतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा, लागू झाला ३१ मार्च २००० रोजी. त्याचं कलम १४ सांगतं की भाडेकरूने वेगळं काही मान्य केलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन, वाजवी वेळ वाट पाहून, भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो. फक्त एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशावर जाता कामा नये. महिना १८,००० रुपये भाडं असेल तर वर्षाचे २,१६,००० होतात, म्हणजे मर्यादा ५४,०००.

हे कलम मोबाइलवर वाचून अनेक जण पुढच्याच महिन्याचं भाडं कापून मोकळे होतात. थांबा. हा हक्क भाडेकरूचा आहे, लायसन्सीचा नाही. लायसन्सची व्याख्या येते १८८२च्या इझमेंट (दुसऱ्याच्या जागेच्या वापराचे हक्क) कायद्यातून, आणि तिथे मालकावरचं ओझं बरंच हलकं आहे. जिवाला किंवा सामानाला धोका होईल असा जागेतला दोष मालकाला माहीत असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक (कलम ५७). जागा धोकादायक होईल असं काही त्याने करायचं नाही (कलम ५८). नळ, गिझर, ओल, रंग यांचा निवाडा करारात काय लिहिलंय त्यावर होतो.

आणि तो करार नोंदलेला हवा. १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ने लिव्ह अँड लायसन्ससुद्धा लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं आहे, आणि ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण हे तुमच्या बाजूचं आहे म्हणून तोंडी व्यवहारावर राहू नका. ते कोर्टात उपयोगी पडतं, रविवारी संध्याकाळी तुंबलेल्या नहाणीपुढे पडत नाही.

(मुंबईच्या पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन भाड्याने घेतलेल्या, खोल्यांची गोष्ट वेगळी. तिथले लोक खरेखुरे भाडेकरू आहेत, कलम १४ त्यांचंच आहे. पण भाडं इतकं नाममात्र असतं की त्याच्या चौथाईत प्लास्टरही होत नाही. शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जाते. तो विषय इथे घेत नाही.)

पायरी २: टोकन (घर पक्कं करायची आगाऊ रक्कम) देण्याआधी दुरुस्तीचं कलम लिहून घ्या

एजंटकडे तयार मसुदा असतो. त्यात साधारण असं वाक्य सापडेल: लायसन्सीने जागा आहे त्या स्थितीत ठेवावी, त्याच्याकडून काही नुकसान झाल्यास स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावं, नेहमीच्या वापराची झीज वगळता. शेवटचे चार शब्द आहेत का, तेवढं आधी बघा. काही मसुद्यांतून ते नेमके गळालेले असतात.

मात्र हे वाक्य फक्त तुमच्यावर काय आहे ते सांगतं. मालकाने काय करायचं याबद्दल ते गप्प असतं. म्हणून मी भाडेकरू असताना एक परिच्छेद घालून घ्यायचो, आणि आता मालक म्हणून स्वतःच घालतो:

'भिंती, स्लॅब, भिंतीतल्या पाण्याच्या व ड्रेनेजच्या लाइन, आतलं वायरिंग आणि वॉटरप्रूफिंग यांची दुरुस्ती मालक स्वखर्चाने करतील. मालकाने दिलेली उपकरणं जुनी झाल्याने बिघडल्यास खर्च मालकाचा, गैरवापराने बिघडल्यास लायसन्सीचा. एका वेळी ५०० रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती लायसन्सी करेल. त्यापुढच्या दुरुस्तीची व्यवस्था मालक कळवल्यापासून ७ दिवसांत करतील. पाणी, वीज किंवा ड्रेनेज बंद असल्यास ४८ तासांत. तसं न झाल्यास लायसन्सी दुरुस्ती करून घेईल आणि बिलाची रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करेल.'

आकड्यांवर घासाघीस होईल. ५००चे १,००० करा म्हणतील, ७ दिवसांचे १० करा म्हणतील. करा. पण शेवटचं वाक्य सोडू नका. कलम १४ने जे तुम्हाला दिलं नाही, ते या एका वाक्याने मिळतं. 'ऑनलाइन फॉरमॅटमध्ये असलं काही बसत नाही' असं एजंट म्हणेल. जास्तीच्या अटी मसुद्यात घालता येतात, त्याला फक्त टायपिंगचा कंटाळा असतो. आणि हे बोलणं टोकन देण्याआधी करा. एजंट नोंदणीसाठी अंगठ्याचा ठसा घ्यायला मशीन घेऊन घरी आला की मग कुणी मसुदा बदलत नाही.

पायरी ३: किल्ली मिळाली की सामान वर चढवण्याआधी एक तास

रिकाम्या घरात जे दिसतं ते नंतर कपाटामागे जातं. मी हे काम बादली, मोबाइल आणि मोबाइलचा चार्जर घेऊन करतो.

सगळे नळ एकेक करून पूर्ण सोडा आणि बंद करा. बंद केल्यावर मिनिटभर उभे राहा, ठिबकणारा नळ तेव्हाच कळतो. बाथरूममध्ये भरलेली बादली एकदम ओता आणि पाणी किती वेळात जातंय ते बघा. फ्लश दोनदा करा. दुसऱ्यांदा टाकी भरली नाही तर बॉलकॉक अडकतोय. सिंकखालचं कपाट उघडून आत हात फिरवा, प्लायवूड फुगलेलं असेल तर तिथे जुनी गळती आहे. गिझर पंधरा मिनिटं लावून ठेवा. चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये घालून बघा. एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारे स्विच) बोर्डाचा फोटो काढा. खिडक्यांचे स्लायडर शेवटपर्यंत सरकवा, मच्छरजाळीला भोकं आहेत का बघा, दारांचे लॅच आतून-बाहेरून फिरवा.

ओल बघायला छताचे कोपरे, बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत आणि खिडकीखालचा पट्टा बघा. नव्या रंगावर जाऊ नका. पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बऱ्याच घरांना घाईघाईने एक हात मारलेला असतो. तळव्याने भिंत चाचपा. पोपडा हाताला लागतो, पीठ झडल्यासारखी पांढरी पूड येते.

हे सगळं बोलत बोलत व्हिडिओत घ्या ('किचनचा डावा नळ ठिबकतोय, आज १ जून') आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. सोबत एक प्रश्न लिहून विचारा: 'काका, गिझरला किंवा कुठल्या बोर्डाला शॉक लागणं, छताचं प्लास्टर पडणं असं आधी काही झालंय का?' वर सांगितलेलं कलम ५७ इथे कामाला येतं. उत्तर काहीही येवो, विचारल्याची नोंद राहते.

पायरी ४: बिघाड झाला की कारण शोधा

इथे खरी वादावादी. एक आधार म्हणून केंद्राचा नमुना भाडेकरार कायदा बघण्यासारखा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो २ जून २०२१ला मंजूर केला. हा फक्त नमुना आहे, राज्याने स्वतः स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात चालतो तो १९९९चाच कायदा. पण या नमुन्याच्या परिशिष्टात दुरुस्त्यांची चक्क यादी आहे, आणि समोरच्याला दाखवायला ती बरी पडते. मालकाकडे: इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींना सफेदी आणि दारं-खिडक्यांना रंग, गरज पडेल तेव्हा पाइप बदलणं, वायरिंग. राहणाऱ्याकडे: नळ आणि नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी साफ करणं, कमोड आणि बेसिनच्या दुरुस्त्या, गिझरची दुरुस्ती, स्विच-सॉकेट, कड्या-कुलपं, खिडकीच्या काचा, जाळ्या.

रंग मालकाकडे आणि गिझर राहणाऱ्याकडे! आपल्याकडच्या रिवाजाच्या नेमकं उलट. रंगाबद्दल मी यादीशी सहमत आहे, गिझरबद्दल नाही. का, ते सांगतो.

पुण्याच्या हिंजवडी, वाघोली या बाजूला अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर किंवा बोअरच्या पाण्यावर चालतात. त्या पाण्यात क्षार भरपूर. गिझरच्या कॉइलवर त्यांचा पांढरा थर बसतो, कॉइल जास्त तापते आणि जाते. नळातलं कार्ट्रिज त्याच क्षाराने खरखरतं, शॉवरची भोकं बुजतात. या भागात राहणाऱ्याने काहीही न करता दीड-दोन वर्षांत गिझर बसू शकतो. सहा वर्षं जुन्या गिझरची कॉइल तुमच्या तिसऱ्या महिन्यात गेली, तर मागची पावणेसहा वर्षं तो क्षार कुणाच्या खात्यावर? म्हणून माझा नियम असा: कॉइल, थर्मोस्टॅट आणि टाकी मालकाची. टाकी रिकामी असताना चालू केला, किंवा रात्रभर चालू राहिला आणि जळला, तर तुमचं. मेकॅनिकला बिलावर कारण लिहायला सांगा. 'कॉइल स्केलिंगमुळे खराब' एवढे तीन शब्द पुरतात.

नळ म्हटलं तर वॉशर, स्पिंडल, शॉवर साफ करणं हे तुम्ही करा. पन्नास-शंभराच्या वस्तूसाठी मालकाला फोन करणारा माणूस पुढे मोठ्या कामाच्या वेळी ऐकून घेतला जात नाही. भिंतीतून गळत असेल, कन्सील लाइन फुटली असेल, तर हातही लावू नका. टाइल फोडायचा निर्णय मालकाचा.

मोरी तुंबली तर आधी नहाणी ट्रॅपची जाळी उघडा. केस, साबणाच्या वड्या, शॅम्पूची पुडी निघाली तर मुकाट्याने चारशे रुपये द्या. ट्रॅप साफ असून पाणी वर येत असेल, तर चोकअप खालच्या लाइनमध्ये आहे आणि तो सोसायटीचा विषय.

वीज: बल्ब, ट्यूब तुमच्या. स्विच सैल झाला तर किरकोळ मर्यादेत तुम्हीच बदला. एमसीबी वारंवार पडत असेल तर वायरमनला बोलवून कारण विचारा. तुम्ही एकाच सॉकेटवर इंडक्शन आणि इस्त्री लावत असाल तर तुमचं. रिकाम्या घरातही पडत असेल तर वायरिंग, म्हणजे मालक. एसीचं वर्षाचं सर्व्हिसिंग वापरणाऱ्याने करावं, कॉइल गळून गॅस गेला तर मालकाने. आरओची कँडल तुमची, मोटर त्यांची. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं तुमचं, बॅटरी बदलणं त्यांचं.

राहता राहिली ओल, आणि यात तीन पक्ष असतात. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन, पावसाच्या पाण्याची गळती हे सोसायटीने करायचं. गच्ची गळून सगळ्यात वरच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेही. घराच्या आतलं बाकी सगळं सभासदाचं. तुम्ही सभासद नाही, त्यामुळे तुमच्या अर्जाला सेक्रेटरी हिंग लावून विचारणार नाही. अर्ज मालकाच्याच सहीने गेला पाहिजे. वरच्या घराच्या संडासातून पाणी येत असेल तर तेही मालकानेच वरच्या मालकाशी बोलायचं. उलटही होतं: तुमच्या बाथरूममधून खालच्यांच्या छताला ओल येते. त्यात तुमचा दोष नाही, वॉटरप्रूफिंग संपलंय. पण काम करायला घर उघडून द्यावं लागेल. बाथरूम चार-पाच दिवस बंद राहणार असेल तर तेवढ्या दिवसांचं भाडं कमी करायला आधीच सांगा, काम सुरू झाल्यावर नाही. एक अपवाद तुमच्या अंगाशी येऊ शकतो. खिडक्या कायम बंद, कपडे खोलीतच वाळत घातलेले, मग भिंतीवर काळी बुरशी. ती ओल बाहेरून आलेली नसते.

पायरी ५: आधी कळवा, मग हात लावा

फोन करा, पण लगेच मागे मेसेज टाका. असा:

'नमस्कार काका, बेडरूमच्या बाथरूमकडच्या भिंतीला कालपासून ओल दिसतेय, फोटो पाठवलाय. आमचे नळ बंद ठेवूनही वाढतेय. करारात ७ दिवस आहेत, पण प्लंबर उद्या यायला तयार आहे, बघायचे ३०० घेईल. बोलावू का?'

यात कधी दिसलं, तुम्ही काय तपासलं, खर्च किती आणि हो-नाही उत्तर द्यायचा प्रश्न, सगळं आलं. 'घरात खूप प्रॉब्लेम आहेत' अशा मेसेजला कुठलाच मालक उत्तर देत नाही. मीही देत नाही.

न कळवण्याची किंमत मी मालक म्हणून पाहिली आहे. माझ्याकडे राहणाऱ्या मुलांनी सिंकखालची बारीक ठिबक चार महिने वाटीवर भागवली. वॉशर वीस रुपयांचा होता. ट्रॉलीचं प्लायवूड कुजलं, सुताराने ९,००० घेतले. वॉशरचे पैसे मी मागितले नसते, पण सुताराचे निम्मे डिपॉझिटमधून कापले, आणि त्यांनाही ते पटलं. गळती त्यांच्यामुळे नव्हती, वाढली मात्र त्यांच्या गप्प राहण्याने.

बिल घ्या, नाही मिळालं तर प्लंबरला ऑनलाइन पैसे पाठवून कशाचे ते तिथेच लिहा. काढलेला जुना भाग लगेच फेकू नका, निदान त्याचा फोटो ठेवा. घरात तीन-चार मित्र असाल तर किरकोळ दुरुस्तीची कॉन्ट्री एकाच्या नावावर जमा ठेवा. मालकाशी एकानेच बोलावं, चौघांनी चार वेगळ्या गोष्टी सांगू नयेत.

पायरी ६: मालक दादच देत नसेल तर

मुदत उलटली की करारातल्या कलमाचा उल्लेख करून ईमेल किंवा स्पीड पोस्टाने पत्र द्या: अमुक तारखेला कळवलं, अमुक दिवस झाले, आता इतक्या रुपयांचं काम करून घेतोय, कोटेशन सोबत. मग काम, मग बिल, मग कापलेलं भाडं. क्रम मोडू नका. करारात वळती करायची सोय नसेल, तर मालकाचं लेखी 'ठीक आहे' आल्याशिवाय एक रुपयाही कापू नका, कारण मग थकबाकीदार तुम्ही ठरता. अशा वेळी करारातला नोटिशीचा काळ आणि लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) बघून घर सोडणं बहुतेकदा स्वस्त पडतं.

दुरुस्तीच्या भांडणात मालकाने पाणी किंवा वीज तोडणं हे मात्र वेगळं प्रकरण. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ जिने-पॅसेजमधले दिवे, लिफ्ट आणि सफाईसुद्धा अत्यावश्यक सेवांत मोजतं आणि भाडेकरूच्या या सेवा वाजवी कारणाशिवाय तोडायला मनाई करतं. शब्द इथेही भाडेकरू हाच आहे, लायसन्सीला ते कितपत लागू पडतं हे वकिलालाच विचारा. असं झालं तर मेसेज टाकत बसू नका, वकील गाठा.

पायरी ७: सोडताना

सगळ्यात मोठी कपात रंगाची असते. माझ्या दुसऱ्या घराच्या मालकांनी अकरा महिन्यांनंतर 'पेंटिंगचं' म्हणून अख्खं एक महिन्याचं भाडं ठेवून घेतलं. भिंती आल्या दिवशी होत्या तशाच होत्या, पण माझ्याकडे व्हिडिओ नव्हता. उन्हाने फिका झालेला रंग, सोफ्यामागची पुसट रेघ ही झीज आहे. ड्रिल मारून केलेली आठ भोकं, मुलांनी क्रेयॉनने काढलेली रेल्वे, डबल टेपने उपटलेला रंग हे नुकसान आहे. भोकं स्वतःच पुट्टीने बुजवा, शंभर रुपयांत होतं. करारात 'सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी' असं सरळ लिहिलेलं असेल तर ते तुम्ही मान्य केलेलं आहे. म्हणूनच दुसऱ्या पायरीवर ते वाचायचं होतं.

कपातीचा आकडा सांगितला की बिल मागा. जुनी वस्तू नवी घेतली असेल तर पूर्ण किंमत देऊ नका, तिचं वय वजा करायला सांगा. 'शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून कापा' ही युक्ती सगळ्यांना सुचते. मालक म्हणून सांगतो, ती ऐकली की मी घरातलं प्रत्येक बिजागर तपासतो.

सामान टेम्पोत गेलं की रिकाम्या घरात पुन्हा तोच एक तास घालवा. तेच नळ, तीच बादली, तोच व्हिडिओ. शेवटी वीजमीटरचं रीडिंग घ्या, किल्ल्या मोजून टेबलावर ठेवा आणि त्यांचाही फोटो काढा.